विरोधात बोलायला कोणी आहे का?

मंगल, परवा शनिवारी तुझ्याशी भांडायची वेळ आली होती आणि तू जागेवर नव्हतीस. तुला जाऊन महिना होत आलाय, हे मला ठाऊक आहे. तुला घरातून नेल्यावर तुझ्या मायला धरून बसले होते ती मीच. तरी हॉलमध्ये शिरल्याबरोबर माझी नजर एसीपासून सगळ्यात लांबच्या खुर्चीकडे गेली. ती रिकामी दिसल्यावर मला आधी रागच आला, की ही बया आजसुद्धा उशिरा. मग आठवलं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलेन मी, पण आधी आपलं अर्धवट राहिलेलं भांडण पुरं करू दे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुनीता, तू भांडण पुरं करत नाहीस, नुसतं नव्याने सुरू करतेस." तसं तर तसं.

हॅकेथॉन हा शब्द तुझ्या मायने पहिल्यांदा ऐकला, तेव्हा त्या किती घाबरल्या होत्या, आठवतं? टीव्हीवर हॅकरच्या बातम्या बघून त्यांची खात्री झाली होती की मुलगी वाईट संगतीला लागली. ती वाईट संगत म्हणजे मी, समोरच बसले होते, त्यांच्या हातची कळण्याची भाकरी खात. "पोलीस धरतीन व तुले," असं त्या तुला म्हणत होत्या आणि बघत माझ्याकडे होत्या. तू हसत त्यांच्या शेजारी जाऊन बसलीस आणि म्हणालीस, "माय, सोयरीक जमाडानं काम शे. कागद-कागदनी सोयरीक."

इतकं सोपं करून मला माझ्या वर्गात कधी सांगता आलं नाही. जगभरात डॉक्टर आणि शास्त्रज्ञ शोधनिबंध लिहितात. एकाला कळतं, अमुक आजारात अमुक प्रथिन बिघडतं. दुसऱ्याला दुसऱ्याच देशात कळतं, ते प्रथिन एका जुन्या औषधाने ताळ्यावर येतं. दोघांना एकमेकांचा पत्ताच नसतो. आपण वर्षातून दोन दिवस त्या कॉलेजच्या हॉलमध्ये जमायचं, ते निबंध वाचायचे आणि संगणकावर एकातल्या गोष्टीची दुसऱ्यातल्या गोष्टीशी रेघ जोडायची. त्या रेघांचा नकाशा कुणालाही, कुठेही, फुकट बघता यायचा. माझे यजमान बँकेतले, त्यांना 'फुकट' या शब्दाचं वावडं. ते म्हणायचे, "निघाल्या दोघी लष्कराच्या भाकऱ्या भाजायला."

तुझं बोलणं ऐकून माय जरा निवांत झाल्या. मग म्हणाल्या, "मंग दोन्ही घरं देखी लेज्यात." आधी दोन्ही घरं बघून घ्या. तू ते वाक्य उचललंस आणि आमच्या डोक्यावर नियम म्हणून बसवलंस. दोन्ही निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय रेघ ओढायची नाही.

हा नियम तू मुळात माझ्यासाठीच काढला होतास, हे मला तेव्हाही कळलं होतं. आपली ओळखच माझ्या घाईवरून झाली होती. तू बायोकेमिस्ट्री शिकवणारी, मी कॉम्प्युटर शिकवणारी, एकमेकींची कॉलेजंही वेगळी. त्या पहिल्या वर्षी मी मोठ्या तोऱ्यात एक प्रोग्रॅम लिहून आणला होता. एका वाक्यात आजाराचं आणि औषधाचं नाव शेजारी-शेजारी आलं की तो आपोआप रेघ ओढायचा. सकाळच्या चहापर्यंत माझ्या पडद्यावर रेघांचं नुसतं जंगल माजलं होतं आणि पोरं टाळ्या वाजवत होती. तू शांतपणे एका रेघेवर बोट ठेवलंस, मूळ वाक्य उघडलंस आणि मोठ्याने वाचलंस. त्यात लिहिलं होतं, की या औषधाचा आणि या आजाराचा काहीही संबंध आढळला नाही. माझ्या प्रोग्रॅमने त्यांचं लग्न लावून टाकलं होतं. "बाई, नकार कळवलाय मुलीकडच्यांनी," तू म्हणालीस. अख्खा हॉल हसला. मी दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. संध्याकाळी घरी जाताना मात्र एकाच रिक्षात बसलो, कारण तुझं गोडादऱ्यातलं घर माझ्या वाटेवर होतं आणि मला विचारायचं होतं की नकार ओळखायला यंत्राला शिकवायचं कसं.

तुला कधी सांगितलं नाही ते आता सांगते. नाशिकहून लग्न होऊन मी सुरतेला आले, तेव्हा हे शहर मला परकं वाटायचं. गुजराती कळायची, पण गुजरातीत माझा विनोद कोणाला कळायचा नाही, आणि विनोद न कळणाऱ्या गावात मला गुदमरायला होतं. तू भेटलीस आणि मला सुरत मिळाली. लिंबायतच्या बाजारात तू माझ्यासाठी भरताच्या वांग्यांवरून घासाघीस करायचीस. भाजीवाल्याशी गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी, फोनवर मायशी अहिराणी आणि वळून माझ्याशी मराठी. मी थक्क होऊन बघत राहायचे आणि पिशव्या धरायचे. तुझे उपकार मानायचे राहिले, कारण मानले असते तर तू चेष्टा केली असतीस. घे, मानते. कर चेष्टा.

मग तुझी बोटं पांढरी पडायला लागली.

बाहेर सुरतचा उन्हाळा आणि तू एसीच्या हॉलमध्ये लोकरीचे हातमोजे घालून बसलेली. आधी सगळ्यांना गंमत वाटली. हितेशभाई, ज्यांनी दरवर्षी हा हॉल मिळवून द्यायचा आणि लोचो-खमणाच्या नाश्त्याची सोय बघायची, ते येता-जाता विचारायचे, "बेन, एसी धीमुं करुं?" आणि तू म्हणायचीस, "ना ना, आ छोकराओ बफाई जशे," पोरं उकडून निघतील म्हणून. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसायचीस आणि चहा पार गार झाला तरी सोडायची नाहीस. कातडी आवळत जाणारा, मग आत फुप्फुसांपर्यंत पोहोचणारा तो आजार. तू त्याचं नाव असं घ्यायचीस की जणू एखादा चिवट विद्यार्थी आहे, नापास होऊन पुन्हा-पुन्हा वर्गात येणारा. मी ते नाव घेत नव्हते. आजही लिहवत नाही.

माय एकदा तुझ्या बोटांना तेल चोळता-चोळता म्हणाल्या होत्या, "इतलं वाचस, मंग तुनंच औषध कसं सापडत नही व?" तू हसलीस. मला हसू आलं नाही. म्हातारीचा प्रश्न अगदी सरळ होता. एवढी वाचणारी माणसं दोन दिवस एका छताखाली जमतात, मग त्यांनी तुझ्यासाठी का वाचू नये?

म्हणून गेल्या वर्षी मी ठराव मांडला, की यंदाचा विषय मंगलचा आजार.

आणि इथेच तू मला तुझ्याच पद्धतीत अडकवलंस. त्याआधी एका वर्षी एक गाजलेला विषय सगळ्यांनी एका झटक्यात मान्य केला होता आणि दुपारपर्यंत कळलं होतं की तो मनापासून कुणालाच नको होता. प्रत्येकाला वाटत होतं, बाकीच्यांना हवाय. तेव्हापासून तू रीत पाडलीस. ठराव आला की विरोधात एकाने तरी बोललंच पाहिजे, आणि कोणीच उठलं नाही तर ज्याने ठराव मांडला त्यानेच उठून स्वतःच्या विरोधात बोलायचं. हितेशभाई वैतागले होते. "बेन, आ तो कोर्ट थई गई!" पण रीत रुळली. पोरांना तर भारीच आवडली.

गेल्या वर्षी मी ठराव मांडून बसले आणि हितेशभाईंनी विचारलं, "विरोधमां कोई?" हॉल गप्प. तू समोर हातमोजे घालून बसलेली. तुझ्या तोंडावर तुझ्या आजाराला नको कोण म्हणणार? मी मनातल्या मनात खूश होते. रीतीप्रमाणे आता मीच उठणार, दोन गुळमुळीत वाक्यं बोलणार आणि खाली बसणार. तेवढ्यात तू उठलीस.

तू काय बोललीस ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण पुढे वर्षभर मी ते खोडून काढत होते. तू म्हणालीस, माझ्या आजारावर मोठमोठ्या प्रयोगशाळा काम करताहेत, त्यांच्याकडे आपल्यापेक्षा चांगली वाचणारी माणसं आहेत. आपण दोन दिवसांत जे जोडू ते त्यांनी केव्हाच जोडलेलं असेल. पण या हॉलपासून रिक्षाने थोडं पुढे गेलं की यंत्रमागांचा, लूमचा खडखडाट सुरू होतो आणि तिथे काम करणारी माणसं खोकतात. त्या खोकल्यावर कोणी काय वाचलंय? एवढं बोलून तू दम लागून खाली बसलीस. 'दोन्ही विषय घेऊ' असं कोणीतरी सुचवलंच. त्यावर तू बसल्या जागेवरून म्हणालीस, "एका मांडवात दोन लग्नं लावली की दोन्हीकडचा भात कच्चा राहतो."

मतं पडली आणि माझा ठराव एका मताने पडला. तुझा हात मी स्वतःच्या डोळ्यांनी वर गेलेला पाहिला. राखाडी हातमोजा.

रिक्षात मी तुला काय वाट्टेल ते बोलले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची इतकी हौस असेल तर घरी पाडून घे, सगळ्यांसमोर कशाला, असंही म्हणाले. तू रिक्षाच्या उघड्या बाजूने येणाऱ्या गरम वाऱ्यात हात धरून बसली होतीस. म्हणालीस, "तुला मी जिवंत हवी आहे म्हणून तुला तो विषय महत्त्वाचा वाटतो."

"अर्थात! मग कशामुळे वाटायला हवा?"

"तेच सांगतेय. लूमवरच्या माणसाची मैत्रीण या हॉलमध्ये नाही."

"तू आहेस ना त्यांची. माझी कोण आहे मग?"

रिक्षावाल्याने आरशातून आपल्याकडे बघितलं आणि गाण्याचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी कापसाची भानगड झाली, ती मात्र मी तुझ्याच बाजूने सांगते. आम्ही सगळे हुशार लोक सकाळपासून लूम कामगारांच्या फुप्फुसांवरचं जे मिळेल ते वाचून भराभर रेघा ओढत होतो आणि प्रत्येक रेघ फिरून कापसाच्या धुळीकडे जात होती, कारण जगभरात लूम म्हटलं की कापूसच लिहिलेला. नकाशा छान भरत चालला होता. तू आलीस, बघितलंस आणि कपाळाला हात लावलास. "अरे, सुरतेत कापूस कुठे आहे? इथे साडी पॉलिस्टरची, नायलॉनची. तुम्ही दुसऱ्याच गावाचा खोकला जोडत बसलात." त्या सगळ्या रेघा आपल्या लूमवरून सोडवाव्या लागल्या. संध्याकाळी आपल्या धाग्याच्या भोवती जेमतेम थोड्या रेघा उरल्या आणि बाकी पडदा पांढराफटक. पोरांची तोंडं उतरली. तू मात्र त्या पांढऱ्या जागेकडे अशी बघत होतीस जशी एखादी बाई भांडी घासून झाल्यावर ओट्याकडे बघते. मी तुला विचारलं, "यासाठी सोडलंस ना तू तुझं?" तू म्हणालीस, "कोणी बघितलेलंच नाही, हे तरी आज दिसलं."

मला तेव्हा ते उत्तर पुरलं नाही, अजूनही पुरत नाही.

वर्षभर मी तुझ्या खनपटीला बसले. ऑक्सिजनचं मशीन घरी आल्यावरही. तू नळी लावून पलंगावर आणि मी खुर्चीवर, पेपर तपासता-तपासता तुला डिवचत. मी म्हणायचे, प्रयोगशाळेतल्या लोकांना तू माहीत नाहीस, आम्हाला आहेस, आम्ही वेगळ्या डोळ्यांनी वाचू. तू म्हणायचीस, डोळे वेगळे चालतील, वाक्य तेच राहतं. शेवटी मी जाहीर केलं, "यंदा मी पुन्हा ठराव मांडणार."

"मांड," तू म्हणालीस. "मी उठेन विरोधात."

"तुला उठता तरी येतंय का?"

"तुझ्या विरोधात येईल."

आपण दोघी हसलो आणि तुला खोकला आला आणि मी घाबरून मायला हाक मारली. हे आपलं शेवटचं बोलणं होतं असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण तसं नव्हतं. शेवटचं बोलणं शेवेच्या भाजीवरून झालं. मी करून आणली होती, तू एक घास खाल्लास आणि म्हणालीस, "नाशिकची वाटते." खानदेशातल्या माणसाने शेवभाजीला इतकं वाईट काही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

तुझ्या बाराव्याला माय माझ्याशेजारी बसल्या होत्या. रडून झालं होतं. भिंतीवर तुझ्या वडिलांचा फोटो होता, शेजारी आता तुझा. मी इतक्या वर्षांत तुला वडिलांबद्दल विचारलं की तू म्हणायचीस, लूमवर होते, मी कॉलेजात असताना गेले. तेवढंच. माय त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "तिना बाप भी असाच खोकली-खोकली गया, माय. रातभर झोपे नही."

मी त्या घरात बसून तुझ्यावर पुन्हा चिडले, मंगल. बाराव्याच्या दिवशी. गेल्या वर्षी तू हॉलमध्ये उभी राहून बोललीस, वर्षभर माझ्याशी भांडलीस आणि हे एक वाक्य कधी काढलं नाहीस. ते काढलं असतंस तर मी पहिल्याच दिवशी गप्प बसले असते. कदाचित म्हणूनच काढलं नाहीस. मला गप्प करून जिंकायचं नव्हतं तुला. आता हे तुला विचारायची सोय नाही आणि त्याचा मला फार त्रास होतो.

आता परवाचं सांगते.

पोरांनी गेल्या वर्षीचं अपुरं काम, लूमचा खोकला, फळ्यावर आधीच लिहून ठेवलं होतं. त्याच्या खाली मी 'मंगलचा आजार' एवढंच लिहिलं. हितेशभाई रुमाल काढून डोळे पुसत होते. मी ठराव मांडला, फार बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती. तुझ्या आठवणीसाठी सगळे हो म्हणणार हे चेहऱ्यांवर दिसत होतं.

मग हितेशभाईंनी विचारलं, "विरोधमां कोई?"

कोणी हललं नाही. तू गेलीस आणि महिन्याच्या आत तुझ्या नावाला विरोध कोण करेल? हितेशभाई म्हणाले, "बेन, आ वखते रहेवा दो." या वेळी राहू द्या. राहू दिलं असतं तर मी जिंकले असते. अख्खं वर्ष ज्यासाठी भांडले ते असं समोर, नुसतं हात पुढे करून घ्यायचं होतं.

पण रीत तुझी होती. आणि तू म्हणाली होतीस की तू उठशील. म्हणून मी उठले.

मी ठरवलं होतं, दोन वाक्यं बोलायची आणि बसायचं. पहिलं वाक्य तुझं होतं, मोठ्या प्रयोगशाळांचं. दुसरंही तुझंच. मग मला थांबता येईना. वर्षभर मी तुझं जे-जे म्हणणं खोडून काढलं होतं ते सगळं मला पाठ होतं, तुझ्या क्रमाने, तुझ्या दम लागण्याच्या जागांसकट. मी पांढऱ्या पडद्याबद्दल बोलले. कापसाबद्दल बोलले. म्हणाले, ज्यांची मैत्रीण या हॉलमध्ये नाही त्यांच्यासाठी कोणीतरी परकं वाचलं पाहिजे, आणि आपलं माणूस गेलं म्हणून आपण फक्त आपल्या माणसाचं वाचायला लागलो तर ती आपली हौस झाली. तुझ्या वडिलांचं वाक्य जिभेवर आलं होतं. ते तू वापरलं नव्हतंस, मग मीही वापरलं नाही. खाली बसले तेव्हा शेजारची मुलगी माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती.

हितेशभाईंनी आधी तुझ्या आजारासाठी हात वर करायला सांगितलं.

हरले मी, मंगल. गेल्या वर्षीसारखी एका मताने नाही, सपशेल. चांगली गोष्ट अशी की पोरं दोन दिवस खाली मान घालून वाचत होती, पॉलिस्टरच्या धुळीवरचं मिळेल ते सगळं, दोन्ही घरं बघून, आणि पांढऱ्या जागेत थोड्या खऱ्या रेघा आल्या. मी तपासल्यात. तुला आवडतील अशा आहेत, म्हणजे थोड्या.

पण तुझ्या आजारासाठी माझा हात वर होता. सगळ्यात आधी वर गेला आणि हितेशभाईंनी मोजून संपवल्यावरही मी तो तसाच धरून ठेवला, शेवटी त्या मुलीने हळूच माझी बाही ओढली. तुझी बाजू मी मांडली, सगळ्यांना पटवून दिली. मला ती पटलेली नाही. मला तू हवी होतीस.